पाच नंबरची खाट

परीक्षेत ईश्वरी पाटोळेला पाच नंबरची खाट मिळाली.

विट्याच्या त्या संस्थेत डॉक्टर तयार होत नसत, वैद्यक-साहाय्यक तयार होत. तालुक्याच्या गावांना डॉक्टर मिळेनात, म्हणून सरकारने ही नवी पदवी काढली होती. रुग्णाची हकीकत घ्यायची, त्याला तपासायचं, नेहमीचे आजार ओळखून औषध द्यायचं, जखम शिवायची आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काय आहे ते वेळेत ओळखून वर पाठवायचं. पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया, औषधं आणि त्यांचे दुष्परिणाम यांत जाई. दुसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू होत. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, लहान मुलं, मनाचे आजार, अपघात विभाग. पण डॉ. तरन्नुम मुजावर पहिल्याच तासाला सांगत, "बघा, हात लावा, ठोकून बघा, ऐका. याच क्रमाने. आणि त्याच्याही आधी माणसाला बोलू द्या. अर्धं निदान तोच सांगतो."

अडचण अशी होती, की बोलणारी माणसं पुरत नव्हती. काही आजार इतके विरळा, की शिकून बाहेर पडेपर्यंत विद्यार्थ्याला त्यांचा एकही रुग्ण दिसत नसे. त्यासाठी प्रतिदेह आले.

प्रतिदेह म्हणजे खाटेवर निजवलेलं, माणसाएवढं, मऊ कातडीचं यंत्र. त्याला स्वतःचं असं काही नव्हतं. देहदाता म्हणून पुढे आलेल्या माणसाच्या अंगावर वर्षभर तपासणीच्या, काढता-लावता येणाऱ्या पट्ट्या असत. त्याचं रक्त, जनुकं, हाडं, स्नायू, चालणं, बोलणं सगळं नोंदवलं जाई आणि संगणकात एकेक अवयव करून तो माणूस पुन्हा उभा केला जाई. मग यंत्राला त्याचीच नाडी लागे, त्याचाच श्वास चाले, त्याच्याच यकृताची कड बोटांना लागे. खरी करामत पुढची होती. संगणकातलं हे शरीर हवं तितकी वर्षं पुढे नेता येई. दर वेळी निराळं काही निघे, कारण एखादी पेशी नेमकी कधी बिघडेल हे बरंचसं योगायोगावर असतं. एका फेरीत माणूस ठणठणीत राही, दुसरीत त्याला मधुमेह होई. शिवाय शिक्षकांना हवा तो आजार बाहेरूनही घालता येई.

देहदात्याचं नाव, चेहरा आणि आवाज पुसून टाकत. त्याची सही दोन गोष्टींवर असे. ओळख गुप्त राहील, ही पहिली. पुढच्या फेऱ्यांत काही वाईट निघालं तर ते कळवायचं की नाही, ही दुसरी. विद्यार्थ्यांसाठीही नियम होता. देहदाता ओळखू आला तर लगेच शिक्षकांना सांगायचं. त्या माणसाला काही कळवलं, तर संस्थेतून नाव कमी.

पाच नंबरच्या खाटेवर बाईचा प्रतिदेह होता. चेहऱ्याच्या जागी ओळख न देणारा गुळगुळीत चेहरा, आवाज कुणाचाच नाही असा.

"नमस्कार. मी ईश्वरी, वैद्यक-साहाय्यक विद्यार्थिनी. काय त्रास होतोय तुम्हाला?"

"ब्लाउजची हुकं लागत नाहीत. कुलपात किल्ली फिरत नाही."

"दुखतं का हात?"

"दुखत नाही ना. म्हणून तर दुर्लक्ष झालं."

"मुंग्या, बधिरपणा?"

"नाही."

"थकवा येतो?"

"येतो," आवाज म्हणाला, आणि त्याबरोबर उजवा हात चादरीवरून उचलला गेला. पाची बोटं छातीशी जुळली, खाली उघडत गेली आणि शेवटी करंगळी हलकेच बाजूला झटकली गेली.

ईश्वरी त्या करंगळीकडे बघत राहिली.

तिचे वडील जन्मापासून बहिरे. आई तासगावच्या मूकबधिर शाळेत शिक्षिका. घरातली भाषा हातांचीच. 'थकले' ही खूण पुस्तकाप्रमाणे दोन्ही हातांनी करतात. तिची आई ती एका हाताने करी, कारण दुसऱ्या हातात कायम काहीतरी असे, पातेलं, वह्या, लहानपणी ईश्वरी स्वतः. करंगळीचा तो झटका कोणी शिकवलेला नव्हता. यंत्र बनवणाऱ्यांनी आवाज पुसला, चेहरा पुसला. हात बोलतात, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

काचेपलीकडे परीक्षक बसले होते. ईश्वरीने तपासणी पुरी केली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खचून तिथे खळगा पडला होता. दंडाच्या कातडीखाली स्नायू आपोआप फडफडत होते. हात वाळला होता, तरी हातोडी मारताच तो नको तितका उडत होता. तिने जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेवरही तीच थरथर. टाचणीचा स्पर्श मात्र सगळीकडे नीट कळत होता.

"स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींचा आजार," ती काचेकडे बघून म्हणाली. "या पेशी एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. बुद्धी आणि डोळ्यांची हालचाल बहुधा शाबूत राहते. औषधाने वेग कमी होतो, बरा होत नाही."

तो खळगा पडलेला हात तिने चादरीखाली ठेवला आणि ती बाहेर आली.

डॉ. मुजावर त्यांच्या खोलीत एकट्याच होत्या.

"मॅडम, पाच नंबर मी ओळखला. माझी आई आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खात्री आहे?"

"हो. तिने मला सांगितलंही नव्हतं, नाव दिलंय म्हणून."

"मी आजच तो देह मागे घेते. तू नियमाप्रमाणे वागलीस."

"मॅडम, आजार तुम्ही घातलेला होता, की आतूनच निघाला?"

"ते मला सांगता येणार नाही."

"घातलेला असेल तर तेवढं एक वाक्य बोला. मी परत कधी विचारणार नाही."

"आणि मी काही बोलले नाही, तर तू काय समजशील?" त्या म्हणाल्या. "म्हणून मी दोन्ही वेळा गप्पच बसणार. ईश्वरी, देहदाते मिळेनासे होतील वगैरे गोष्टी संस्थेच्या. मी तुझ्या आईची गोष्ट करतेय. मला काही कळवू नका, अशी त्या बाईने सही केलीय. ती सही मी तुझ्यासाठी पुसू?"

"तुमची आई असती तर?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ईश्वरी दारापर्यंत गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "घरी जा चार दिवस. शिकलीस ते काही कोणी तुझ्याकडून काढून घेत नाही."

तासगावच्या घरी रविवारी सकाळी आई, सारिका पाटोळे, घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. दोन वर्षं ईश्वरीचा हक्काचा रुग्ण तीच. तपासणीची बॅग दिसताच तिने ताट बाजूला सरकवलं.

"ये, ठोक. या खेपेला काय, गुडघे की पोट?"

"हात," ईश्वरी म्हणाली.

हातोडीखाली उजवा हात उडाला. मागच्या खेपेपेक्षा जास्त? तिला आठवेना. तेव्हा तिने आईच्या हाताकडे अशा नजरेने पाहिलंच नव्हतं. खळगा म्हणावा असं काही नव्हतं, आई शेलाट्या हाडाचीच. मग अंगठ्याच्या मुळाशी, कातडीखाली, काहीतरी बारीकसं वळवळलं आणि थांबलं. फार चहाने असं होतं, जागरणाने होतं, काही नसतानाही होतं. पुस्तकात असंच लिहिलेलं होतं.

तिने मान वर केली तर आई तिच्याकडेच बघत होती.

"भेटले वाटतं मी तुला तिकडे."

"आई..."

"गप्प बस. तोंड उघडू नकोस." सारिकाने हात सोडवून घेतला. "पोरीला शिकायला माणसं लागतात, म्हणून नाव दिलं. मला काही कळवू नका, हेही विचार करूनच लिहिलं. आमच्या शाळेतला प्रज्वल आठवतो?"

"चित्रं काढायचा तो?"

"तोच. तपासणीत निघालं, की विसाव्या वर्षापर्यंत दृष्टी जाणार. आईबापांचं काही चुकलं असं नाही म्हणत मी. पण त्यांनी रंग कपाटात टाकले आणि पोराला ब्रेल शिकायला बसवलं. नऊ वर्षांचा होता. डोळे विसाव्या वर्षी जायचे होते गं, यांनी ते नवव्या वर्षीच काढून घेतले." ती पुन्हा शेंगा निवडू लागली. "मला तसं नको. जे यायचं ते येऊ दे, तोवर मी माझी राहीन."

"पण हा प्रश्न तुझ्या एकटीचा..."

ईश्वरी मध्येच थांबली. 'बाबांचं काय' एवढं म्हटलं असतं तरी आईने ओळखलं असतं. नवराबायकोमध्ये बोलायला जे होतं, ते हातच होते.

"बघ," आई म्हणाली, "आत्ताच तू माझ्याशी जपून बोलायला लागलीस."

दुपारी ती वडिलांचा डबा घेऊन दुकानात गेली. भरत पाटोळे फोटोंना चौकटी करून देत. लग्नाचे फोटो, देवादिकांच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे फोटो. ते काच कापत होते. ती दिसताच त्यांनी हत्यार खाली ठेवलं.

बहिऱ्या माणसाशी खोटं बोलणं अवघड असतं. हातांच्या भाषेत अर्धा अर्थ चेहऱ्यावर असतो. भुवया उचलल्या नाहीत तर प्रश्नाचा प्रश्न होत नाही. 'मजेत आहे' असं हातांनी म्हणताना चेहरा दुसरंच म्हणत असेल, तर ते वाक्यच चुकतं. ईश्वरीने 'मजेत' म्हटलं. वडिलांनी मान हलवली.

"चूक," त्यांनी खूण केली. "परत सांग."

परत सांगण्याऐवजी तिने डबा पुढे केला. मग त्यांनी स्वतःहून आपल्या उजव्या हाताकडे बोट केलं आणि खुणेने विचारलं, "आईचा हात?"

सांगायचं नाही, हे तिने येतानाच ठरवलं होतं. आईने नको म्हटलं होतं. पण विचारायला कोणाची बंदी नव्हती. माणसाला आधी बोलू द्यायचं, हेच तर ती दोन वर्षं शिकली होती. तिने भुवया उचलल्या. "तुम्हाला काय दिसलं?"

"माझं नाव," ते म्हणाले. बहिऱ्यांच्या जगात प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. भरतचं नाव म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली छोटी चौकट, हनुवटीजवळ धरलेली. सारिकानेच लग्नाआधी ठेवलेलं. "अंगठा पोचत नाही. चौकट उघडी राहते. गणपतीपासून."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

त्यांनी काचेवरची धूळ उगाचच पुसली. "मला वाटलं, रागावलीय माझ्यावर. माझं नाव नीट घेत नाही. कशावरून रागावली असेल, तेच शोधत होतो इतके दिवस."

ईश्वरीने त्यांचे दोन्ही हात धरले. हात धरले की बोलणं थांबतं, हे दोघांनाही माहीत होतं. थोड्या वेळाने तिने ते सोडले.

"तिलाच विचारा," ती म्हणाली. "आज विचारा."

"आणि हो म्हणाली तर? रागावलेय म्हणाली तर?"

"तरी विचारा."

संध्याकाळी सारिका भाकऱ्या थापत होती. भरत स्वयंपाकघरात तिच्या समोर जाऊन उभे राहिले. ईश्वरी दारात होती.

"माझं नाव असं का घेतेस?" त्यांनी विचारलं, आणि ती घेते तसं उघडं, अर्धवट नाव करून दाखवलं.

सारिका हसली. पिठाचा हात पुसला आणि नेहमीसारखी हनुवटीजवळ चौकट धरली. अंगठा तर्जनीच्या अलीकडेच थांबला. तिने हात झटकून पुन्हा धरला. पुन्हा तसंच. मग तिने हात डोळ्यांसमोर आणला आणि कोणा दुसऱ्याचा असावा तसा बघितला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. गॅस ईश्वरीने बंद केला.

"हेच होतं का?" आईने तिच्याकडे न बघता विचारलं.

ईश्वरीने करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

"नको, नको बोलूस. तुझं शिक्षण जायचं." मग ती नवऱ्याकडे वळली. "रागावले नाहीये," तिच्या हातांनी सांगितलं. "हात जात नाही. मला कळलंच नव्हतं." भरत चेहरा पाडून उभे होते. तिने डाव्या हाताने त्यांचं नाव केलं, चौकट पुरी झाली. "इतके दिवस मनात ठेवलं? वेडे आहात." हातांच्या भाषेत तू आणि तुम्ही निराळे नसतात, पण सारिकाचं बोलणं ईश्वरीला नेहमी 'तुम्ही' असंच ऐकू येई.

रात्री जेवणं झाली. ताट उचलताना आई म्हणाली, "उद्या सांगलीला जाऊ. यांनी विचारलंय, तर यांना उत्तर द्यायला हवं. तुझ्या यंत्राने सांगितलं असतं, तर नसते गेले."

महिनाभर तपासण्या चालल्या आणि निदान पक्कं झालं. ते तेच होतं. वेग मंदावणारं औषध सुरू झालं. सारिकाने शाळा सोडली नाही. हात उचलता येत होते तोवर ती शिकवत राहिली. मुलं तिची अडखळती भाषा वाचायला शिकली, बोबड्या मुलाचं बोलणं घरच्यांना कळतं तशी.

घरात दुसरं काम सुरू झालं. डोळ्यांनी अक्षरं टिपून बोलून दाखवणारं यंत्र मिळालं होतं, पण त्याचा आवाज भरतना ऐकू येणार नव्हता आणि वाचायला ते पहिल्यापासून मंद. शेवटी दोघांनीच ठरवलं. भरत दुकान लवकर बंद करून येत आणि दोघं समोरासमोर बसत. डोळे वर म्हणजे काय, कडेला म्हणजे काय, मिटून धरले तर काय. हात चालू होते तोवर ती प्रत्येक नव्या खुणेचा अर्थ हातांनी सांगू शकत होती, म्हणूनच ते जमलं. उशीर झाला असता तर नव्या भाषेचा अर्थ जुन्या भाषेत सांगायला कोणी उरलं नसतं. एकदा ईश्वरी सुट्टीवर आली, तर दोघं डोळ्यांनी कडकडून भांडत होती. भरतनी पाठ फिरवली. तोंड फिरवलं की या भाषेत समोरच्याचं बोलणंच बंद होतं, आणि सारिकाला उठून समोर जाता येत नव्हतं. थोड्याच वेळात ते आपणहून वळले. ईश्वरीने पुढे कधी त्यांना तिच्याकडे पाठ केलेली पाहिली नाही.

पदवी घेण्याआधी डॉ. मुजावरांनी ईश्वरीला बोलावलं.

"तुझ्या आईने लेखी परवानगी पाठवलीय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला. आजार घातलेला नव्हता. शंभर फेऱ्यांपैकी नऊ फेऱ्यांत निघाला होता."

"आणि बाकीच्या?"

"बहुतेकांत ती ऐंशीच्या पुढे जात होती. एकीत तर नव्वदीत पडून खुबा मोडला होता." त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "त्या नऊमधली एक फेरी मीच परीक्षेसाठी निवडली. लक्षणं स्वच्छ होती. नऊ म्हणजे थोड्याच, असं मला वाटलं होतं. मी तेव्हा गप्प बसले ते बरोबर होतं, असं मी अजूनही वर्गात शिकवते. शिकवताना माझा आवाज मात्र पूर्वीसारखा लागत नाही."

ईश्वरी आटपाडीच्या रुग्णालयात रुजू झाली. तिसऱ्या वर्षी आईने डोळ्यांनी कळवलं, की मला तुझ्या संस्थेत घेऊन चल. मागे घेतलेल्या प्रतिदेहाच्या जागी ती स्वतः जाणार होती. नाव, चेहरा, सगळ्यासकट.

पहिल्या वर्षाचा वर्ग भरला होता. सारिका चाकाच्या खुर्चीत, मान पट्ट्याने आधारलेली. तिचे हात मांडीवर ठेवले होते तसेच पडून होते. भरत तिच्यासमोर स्टुलावर, तिच्या डोळ्यांवर नजर लावून. ईश्वरी बाजूला. बोलणारं यंत्र सारिकाने मुद्दाम घरीच ठेवायला लावलं होतं. आई डोळ्यांनी बोले, भरत ते हातांनी सांगत, आणि वडिलांच्या हातांकडे बघत ईश्वरी मोठ्याने वर्गाला सांगे. तिघांत मिळून एक वाक्य व्हायला वेळ लागे. पोरं वाट बघत.

एका मुलीने हात वर केला. "आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं का तुम्हाला?"

सारिकाचे डोळे बराच वेळ हलत राहिले. भरतनी एकदा थांबवून, पुन्हा विचारून घेतलं.

"आई म्हणते," ईश्वरीने सुरुवात केली, "कळायच्या आदल्या आठवड्यात मी शाळेची पोरं घेऊन दंडोबाचा डोंगर चढले होते. आधी कळलं असतं, तर मला कोणी चढू दिलं नसतं. मीच चढले नसते. आणि अजून उशिरा कळलं असतं, तर यांच्याशी बोलायचं राहून गेलं असतं." ती थांबली. वडिलांचे हात पुढे चालले होते. "म्हणते, यातलं कुठलं बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला कोणी विचारलं, तर घाईने उत्तर देऊ नका."

डॉ. मुजावर मागच्या बाकावर, हातांची घडी घालून, खाली बघत होत्या.

"आता तपासायला या," ईश्वरी म्हणाली. "विचारलंस ना, तूच ये."

ती मुलगी पुढे आली. खुर्चीशी गुडघ्यांवर बसून तिने सारिकाचा उजवा हात हातात घेतला. सारिकाने डोळे भरतकडे वळवले. भरतना हसू आलं, त्यांनी ते दाबलं आणि हातांनी निरोप पुढे केला.

"आई म्हणते, हात गार आहेत तुझे. आधी चोळून गरम कर, मग लाव."

मुलगी ओशाळली. तिने तळवे एकमेकांवर चोळले, तोंडाची वाफ दिली, स्वतःच्या गालाला लावून पाहिले आणि मग तो हात पुन्हा उचलला.

सारिकाने हळूच पापण्या मिटल्या.

"हां," ईश्वरी म्हणाली. "आता ठीक आहे."